कुटीच्या पातेल्यावर दोन नावे पडली त्याची हकीकत

श्री चुलीतल्या अग्नीस नमन, हंड्यातल्या पाण्यास नमन, आणि परमुलखी जाऊन आपल्या हाते भात टाकून जेवणाऱ्या समस्त पाहुण्यांस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्रमास. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु या हकीकतीत कोणी कोणावर क्रोध केला नाही, आणि तेच एका बाईचे जिवास लागोन राहिले. कोणी चार शब्द सुनावते तर बाईस त्या रात्री झोप तरी लागती. असो.

समुद्राचे काठी एक संस्थान होते. संस्थान म्हणजे केवढे, तर एक कौलारू घर, पाठीमागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीचे शेवटास दोन खोल्यांची एक कुटी. राज्य लहान, परंतु तोरा लहान नव्हे. गादीवर राजश्री मुकुंदराव करमरकर, बँकेतून निवृत्त होऊन स्वस्थानी आलेले, बोलण्यास साखर, आणि घरातील कोणती वस्तू कोठे असते हे जन्मात ठाऊक नसलेले. राज्याचा खरा कारभार त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई यांचे हाती. लेक-जावई दूरदेशी गेले आणि घर खावयास उठो लागले, तेव्हा उभयतांनी मसलत करून कुटी पाहुण्यांस खुली केली आणि नियम घातला की स्वयंपाक पाहुण्यांनी आपला आपण करावा आणि सरंजाम सरकारातून मिळेल. नियम ऐकण्यास गोड. परंतु सरंजाम म्हणजे काय काय, हा प्रश्न फार मोठा, त्यात भलेभले बुडाले.

कारण की पाहुणा म्हणून जो येतो त्याच्या मागण्या समुद्राच्या लाटांसारख्या, एक फुटली की मागे दुसरी उभीच. पहिली स्वारी घाटावरून आली आणि दाराशी पाऊल ठेवताच म्हणाली की गाळणी कोठे आहे, आणि गाळणी दिली तो तीस मधोमध भोक, चहापत्ती सगळी पेल्यात. मग दुसरी स्वारी आली, तीस सुरी पाहिजे. सुरी होती, परंतु तिने टोमॅटो कापू जाता टोमॅटो चेपत असे, कापत नसे. मग कोणास कुकरची रिंग ढिली लागली, कोणाचा पोळपाट डुगडुगला, कोणी विचारले की पातेल्यांस झाकणे का नाहीत, आणि एक नवी नवरी तर लाजत लाजत म्हणाली, "काकू, आरसा थोडा वर लावता येईल का, ह्यांचं नुसतं पोट दिसतं." वायफाय तर सर्वांसच पाहिजे, ते जणू प्राणवायूच. कुमुदिनीबाई सर्वांस हसून हो म्हणत आणि घरी येऊन नाक मुरडत, की एवढे सगळे पाहिजे तर घरीच का नाही राहात हे लोक.

आता यातील गोम सांगतो. बाईंचे घरात एक रीत होती, आणि ती रीत याच मुलखात नव्हे, घरोघरी आहे, वाचणाराने आपल्या घरचे कपाट उघडून पाहावे. चांगली वस्तू ठेवणीत जाते. काचेचे पेले, जाड बुडाची भांडी, लेकीने परदेशातून आणलेल्या सुऱ्या, सर्व कपाटात, आणि कोणी पुसले तर म्हणावे की पाहुण्यांसाठी ठेवले आहे. मग घरातील जे मोडले, पोचे पडले, कान तुटले, ते कुटीत धाडावे. आणि कुटीत येत कोण, तर पाहुणे. म्हणजे पाहुण्यांसाठी ठेविलेले पाहुण्यांस कधी मिळत नसे, ही गोष्ट बाईंचे ध्यानी वर्षानुवर्षे आली नाही. मुकुंदराव एकदा बोलिले की कपाटातले काही तिकडे द्यावे, त्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ते पाहुण्यांसाठी आहे," आणि मुकुंदराव मान डोलावून वर्तमानपत्र वाचीत बसले.

बरे, पाहुणे लोकही मोठे विचित्र. कित्येकांनी तक्रार न करिता बाजारातून स्वतःच वस्तू आणावी, वापरावी, आणि जाते वेळी मागे ठेवून जावे की पुढे येणारास उपयोगी पडेल. कोणी गाळणी ठेविली, कोणी सुरी, कोणी कपडे वाळत घालावयाचे चिमटे. बाई कुटी झाडावयास जात आणि ते पाहून म्हणत, बघा, किती छान गाळणी, इथे राहिली तर दोन दिवसांत वाट लावतील. मग नवी गाळणी घरी येई आणि घरची जुनी कुटीत जाई. यास बाई चोरी म्हणत नसत. व्यवस्था म्हणत. राज्ये अशाच शब्दांवर चालतात.

आता मुख्य हकीकत. या चैत्राच्या आदले वर्षी उन्हाळ्यात जयवंतराव बोराडे म्हणून एक गृहस्थ, त्यांचे कुटुंब इंदुमतीबाई आणि लेक पल्लवी ऐसे कुटीत राहण्यास आले. जयवंतराव पाटबंधारे खात्यात होते, देह आडवा-उभा पुष्कळ, परंतु आजाराने तो देह कपड्यांत हरवू लागला होता, आणि सर्वांस ठाऊक होते, त्यांसही ठाऊक होते, म्हणून कोणी बोलत नव्हते. त्यांनी हौस धरिली की समुद्रावर आलो आहे तर आज मी खिचडी करीन आणि करमरकरांसही जेवावयास बोलावीन. खिचडी पाच मंडळींची आणि कुटीत पातेले एकच, पोचे पडलेले, बुडाशी गोल, चुलीवर ठेविता लाटेवरच्या होडीप्रमाणे झुले, आणि झाकण नाही. जयवंतरावांनी वर ताट झाकिले, ताटावर अंगणातला दगड ठेविला, आणि एका हाताने पातेले धरून दुसऱ्याने ढवळीत उभे राहिले. दमले, परंतु बसले नाहीत. खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली आणि सर्वांनी पोटभर खाल्ली. मग जयवंतराव कुमुदिनीबाईंस हसून म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी मी पातेलं घेऊनच येतो." बाईही हसल्या. कपाटात जाड बुडाची तीन पातेली होती, ती त्यांस त्या समयी आठवली, आणि त्या ती पुन्हा विसरल्या.

पुढे पावसाळ्यात जयवंतराव वारले. आणि दिवाळीचे सुमारास एस.टी.च्या पार्सलातून एक मोठे खोके आले, त्यात नवे कोरे पातेले, जाड बुडाचे, कडीचे, घट्ट झाकणाचे, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेले की 'कै. जयवंत बोराडे यांजकडून कुटीच्या पाहुण्यांस'. मुकुंदरावांनी डोळे पुसले, इंदुमतीबाईंस फोन करून पोचले म्हणून सांगितले, पातेले कुटुंबाचे स्वाधीन केले, आणि नित्याप्रमाणे विसरले. बाई पातेले घेऊन कुटीकडे निघाल्या हे खरे, खोटे का लिहावे, वाडीच्या अर्ध्यापर्यंत गेल्याही. मग मनात आले की गेलेल्या माणसाचे नाव पाहून पाहुणे दचकतील, सुटीवर आलेल्या लोकांस कशाला मरणाची आठवण. केवढा तो विचारीपणा! तेथून परतल्या आणि पातेले आपले ओट्यावर ठेविले. मग संक्रांतीस शेजारणीने तिळगुळाचा पाक करण्यास ते मागून नेले आणि परत आणून देण्यास चार दिवस लाविले, तेव्हा बाईंचा जीव टांगणीस लागला, आणि भांड्यांवर नावे घालणारा दारावरून जात होता त्यास हाक मारून त्यांनी त्याच काठाखाली मोठ्या अक्षरांत घालून घेतले, 'सौ. कुमुदिनी मु. करमरकर'. नाव घालणाराने एकदा वर पाहिले. बाई म्हणाल्या, "घाला तुम्ही."

मग चैत्र आला. आणि कुटी मागण्यास फोन आला तो इंदुमतीबाईंचा. मुकुंदराव हर्षभरे हो म्हणाले आणि बाईंची नजर ओट्यावरल्या पातेल्याकडे गेली. चैत्रगौरीचे हळदीकुंकू ज्या दिवशी मांडावयाचे त्याच दिवशी सकाळी मायलेकी उतरल्या. बाईंनी विचार केला होता की त्यांच्या आधी पातेले कुटीत नेऊन ठेवू, नावाचे काही सांगू. परंतु कैऱ्या उकडून झाल्या होत्या, साऱ्या आळीचे पन्हे करावयाचे होते, आणि एवढे मोठे भांडे दुसरे कोणते, ऐसे म्हणत म्हणत पन्हे त्याच पातेल्यात कालविले गेले. चोरास वाट सापडत नाही ती अशी.

इंदुमतीबाई कुटीत शिरल्या, पिशवी खाली ठेविली, आणि पाणीही न पिता स्वयंपाकाचे फळीकडे गेल्या. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पोचे पडलेले जुने पातेले उचलून त्याच्या मागे पाहिले. मग अवघडून म्हणाल्या, "वहिनी, ते आम्ही पाठवलेलं पातेलं कुठं ठेवता? काही नाही हो, आज मनात होतं की त्यात थोडी खिचडी टाकावी. मग उद्या गेलो तरी चालेल."

येथे कुमुदिनीबाईंनी खरे बोलावे, एवढेच काम होते. परंतु जीभ वळली ती भलतीकडेच. म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला. दिवाळीनंतर एक मंडळी येऊन गेली, त्यांच्याबरोबर गेलं बहुतेक. हल्ली लोकांना काही वाटतच नाही."

इंदुमतीबाईंनी हातातले जुने पातेले परत फळीवर ठेविले. मग म्हणाल्या, "जाऊ दे. नेलं तर नेलं. कुणाच्या तरी घरी रोज शिजत असेल त्यात. ह्यांना तेच आवडलं असतं." आणि वर बाईंचीच समजूत घालू लागल्या की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वाचणाराने सांगावे, यापेक्षा मुस्कटात मारलेली बरी की नाही. बाईंस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, परंतु मेल्या नाहीत, उभ्या राहिल्या आणि "हो ना, हो ना," करीत राहिल्या.

इतक्यात मुकुंदराव शहाळी घेऊन आले आणि साखरेची जीभ सोडून म्हणाले, "आज आमच्याकडे चैत्रगौर आहे. दोघींनी यायचं. पन्हं, वाटली डाळ, काही नाही म्हणायचं नाही." इंदुमतीबाईंनी कपाळाकडे हात नेला, तेथे काही नव्हते, आणि कुमुदिनीबाईंकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ एवढाच की मी आलेले चालेल ना.

आता हे सांगितले पाहिजे की या संस्थानात विधवेस हळदीकुंकवास मज्जाव नव्हता, आणि तो मज्जाव मोडिला कोणी, तर खुद्द कुमुदिनीबाईंनी. शेजारच्या गोदाकाकू वैधव्य आल्यापासून कोठे जात नसत, त्यांस बाईंनी एका चैत्रात हातास धरून आणिले, पहिले कुंकू त्यांस लाविले, आणि ज्या दोघी-तिघी कुजबुजल्या त्यांस भरल्या घरात सुनावले की हे माझे घर आहे. त्या दिवसाचा बाईंस मोठा अभिमान होता, आणि खरोखर अभिमान धरण्याजोगीच गोष्ट होती. तीच बाई आज पातेले झाकण्यासाठी काय बोलिली ते लिहिताना लेखणी अडते. म्हणाली, "अहो, हे काहीतरीच बोलतात. हळदीकुंकू आहे... गावातल्या जुन्या बायका असतात. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. मी डाळ इकडेच पाठवते."

मुकुंदराव तोंड उघडणार, तो बाईंनी त्यांचे बाहीस धरून ओढिले. इंदुमतीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पल्लवी येईल. बोलावलंय तर एकीनं तरी जावं." आणि पिशवीतून तांदूळ काढून निवडावयास बसल्या. वाटेत मुकुंदरावांनी विचारिले की हे काय बोललीस, गोदाकाकू काय कुंकू लावून येतात की काय, तर बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळत नाही," आणि झपाझप पुढे गेल्या. इतकी वर्षे संसार झाला, मुकुंदरावांस कळत नाही हे नेहमीचेच, परंतु आज त्यांस कळत होते.

दुपार कलली आणि बायका जमल्या. गौर झोपाळ्यात बसली, कलिंगडाचे कमळ कातरले, भिजवल्या हरभऱ्यांच्या ओट्या, वाटली डाळ, सर्व यथासांग. पातेले कोपऱ्यात, नावे भिंतीकडे. बाई त्याच्या पुढ्यात बसल्या त्या उठेचनात, कोणी म्हणे ताई जरा आरती घ्या, कोणी म्हणे ओटी भरा, तर "मी इथूनच," म्हणत. मग पल्लवी आली. साधी पोर, शाळेत शिकवणारी, आल्या आल्या गौरीस नमस्कार केला आणि सभोवार पाहिले. पाटावर मानाच्या जागी गोदाकाकू बसल्या होत्या, पांढरे लुगडे, गळा मोकळा, आणि कपाळी नुकते लाविलेले ठसठशीत कुंकू, आणि म्हणत होत्या, "कुमुद, दरसाली पहिला पेला माझा असतो, आज विसरलीस काय गो?" पल्लवीने गोदाकाकूंस पाहिले, मग कुमुदिनीबाईंस पाहिले. बाईंनी नजर चुकवून झोपाळ्यातल्या गौरीकडे पाहिले. तेथेही थारा नव्हता.

पल्लवी म्हणाली, "काकू, तुम्ही बसा, मी ओतते." आणि बाई नको नको म्हणतात तो तिने पातेले कडीस धरून पुढे ओढिले आणि ओढिता ओढिता ते फिरले. बापाचे नाव बारीक अक्षरांत आणि त्याखाली बाईंचे ठळक. पोरीने एकदा वाचिले. बाईंस वाटले की आता बोलेल, आता सांगेल सर्वांस, आणि मनातून इच्छिले की बोलावेच, एकदाचा तुकडा पडावा. पल्लवीने पळी घेतली, पहिला पेला गोदाकाकूंस दिला, मग ओळीने सर्व बायकांस दिला, कोणाचा अर्धा राहिला तो भरिला, कोणी "पोर किती गुणी," म्हणाली त्यास हसली. सर्वांचे जाहले तेव्हा कुमुदिनीबाईंपाशी येऊन हळू विचारिले, "आईसाठी एक पेला नेऊ?" बाईंनी मान हलविली. पोर पेला दोन्ही हातांत धरून वाडीतून गेली, सांडू न देता.

बायका गेल्या. मग बाईंनी उरले पन्हे दुसरीकडे ओतिले आणि पातेले घासावयास घेतले. राख घेतली, तारेची घासणी घेतली, आपले नाव जाते काय म्हणून हात दुखेपर्यंत घासिले. परंतु ठिपके पत्र्यात उतरलेले, ते कसचे जातात. उलट जितके घासावे तितके सौ. कुमुदिनी लखलखो लागली. मुकुंदराव दारात उभे राहून पाहात होते. म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" बाई म्हणाल्या, "नको. तुमच्यामागे लपेन मी." आणि पातेले कमरेवर घेऊन, पदराने झाकण्याचा मोह आवरून, दिवस असताच कुटीकडे निघाल्या. वाडी रोजचीच, परंतु आज सरेना.

इंदुमतीबाई पायरीवर बसल्या होत्या. पेला रिकामा, शेजारी ठेविलेला. पल्लवी आत होती. तिने आईस काही सांगितले नव्हते. हे काम तिने ज्याचे त्यास ठेविले होते. बाई पायरीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणी नेलं नव्हतं. माझ्याकडेच होतं. आल्यापासून माझ्याकडेच आहे. ते खाली नाव आहे ते मीच घालून घेतलंय. आणि आज तुम्हाला येऊ नका म्हटलं तेही ह्याच्यासाठीच, हे दिसू नये म्हणून. आमच्याकडे तसलं काही पाळत नाहीत." सर्व एका दमात बोलिल्या, कारण की मध्ये थांबत्या तर उरलेले राहून जाते.

इंदुमतीबाईंनी पातेले मांडीवर घेतले. बोट काठाखालून फिरविले, पहिले नाव वाचिले, दुसरे वाचिले. मग विचारिले, "पन्हं ह्यातच होतं?"

"हो."

"सगळ्या बायकांना ह्यातूनच दिलं?"

"हो."

"म्हणजे हळदीकुंकवाला आमचे हे आले होते," इंदुमतीबाई म्हणाल्या, "आणि मलाच बोलावणं नव्हतं."

रागे बोलिल्या नाहीत. एखादी बाई भाजीचा भाव सांगते तसे बोलिल्या, आणि बोलताना किंचित हसूही आले, कारण की नवरा तसाच होता, बोलावणे असो नसो, जेथे खावयाचे तेथे आधी हजर. कुमुदिनीबाईंस वाटले धरणी दुभंगेल तर बरे, परंतु धरणीस त्या दिवशी सवड नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या. "मी माफी..." ऐसे काही म्हणो लागल्या, तो इंदुमतीबाई उठल्या, पातेले आत नेऊन शेगडीवर ठेविले, ते स्थिर बसले, जरासेही हलले नाही, आणि आतून विचारिले, "वहिनी, इथं मीठ कुठं असतं?"

कुटीत मीठ नव्हते. कधीच ठेविलेले नव्हते. बाई धावत घरी गेल्या, मीठ आणिले, मग कळले की तूप नाही, पुन्हा धावल्या. मग पळी, मग कपाटातल्या सुऱ्यांतली एक सुरी. खिचडी जाहली, न करपली, न कच्ची राहिली. इंदुमतीबाईंनी वाढिली आणि उभयतांसही बोलाविले. मुकुंदराव जेवले. कुमुदिनीबाई बसल्या, घास घेतला, आणि तो कितीतरी वेळ तोंडातच राहिला. कोणी आग्रह केला नाही, कोणी उपमर्दही केला नाही. सकाळी मायलेकी गेल्या, कुटी झाडून, भांडी घासून, पातेले फळीवर पालथे घालून.

तात्पर्य मोठे नाही. ठेवणीचे कपाट कुटीत रिते जाहले. गाळणी, सुरी, झाकणे, उशा, मीठ-साखर, सर्व पाहुण्यांस मिळो लागले आणि मागण्या ओसरल्या. पातेल्यावर दोन नावे पाहून जो पाहुणा पुसेल त्यास बाई स्वमुखे सर्व सांगतात, एक अक्षर गाळीत नाहीत, आणि सांगून सांगून ती गोष्ट सोपी होईल ऐसे वाटले होते, ती अद्याप जाहली नाही. पुढील चैत्री बाईंनी पहिले बोलावणे इंदुमतीबाईंस फोनवरून केले. त्या गोड बोलिल्या, सर्वांची विचारपूस केली, आणि म्हणाल्या, "बघू, जमलं तर येते." जमले नाही.